एक शेत, चार नकाशे



दिवाळीच्या फराळावर लिहिलं की तुम्ही सगळे धावत येता, आणि जरा रुक्ष विषय काढला की कुणाचाच पत्ता नसतो, हे आता मला पाठ झालंय. तरी आज रुक्ष विषयच घेतलाय. शेतांच्या मोजणीचा. एका शेताची माहिती चार कचेऱ्यांत चार तऱ्हांनी असते, ती एकमेकींशी जुळत नाही आणि त्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्याला पडतो, असं माझं म्हणणं आहे. सदतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा दिसला की माझा हात आपोआप खडूकडे जातो. तेव्हा थोडं शिकवल्यासारखं झालं तर सोसून घ्या!

आमचं पिंपळगाव बाहेरच्यांना कांदा-टोमॅटोच्या बाजारासाठी आणि मुंबई-आग्रा महामार्गावरच्या टोलनाक्यासाठी ठाऊक. पण इथल्या घराघरातला जीव अडकलेला असतो तो द्राक्षात. आमच्या घरात बाग माझे धाकटे दीर बघतात, आणि आता त्यांच्याबरोबर माझा पुतण्या. मी नुसती ऐकणारी. पण ऐकता ऐकता एवढं कळलं, की हल्ली द्राक्ष पिकवण्याइतकीच मेहनत ते द्राक्ष नेमकं कुठल्या जागी पिकलं हे सिद्ध करण्यात जाते.

आता मोजा. आमच्या एकाच गटाचा पहिला नकाशा भूमी अभिलेखवाल्यांकडे. दुसरा निर्यातीच्या नोंदणीत. तिसरा ई-पीक पाहणीत. चौथा पीक विम्याच्या कागदात. चार ठिकाणी चार माणसं चार वेळा आली (किंवा आली नाहीत, आणि फोनवर भागलं). चारही नोंदी सरकारमान्य. आणि चारही वेगळ्या!

पहिल्यापासून बघू.

आपला सातबारा आणि गटाचा नकाशा ज्या मोजणीतून आला तिची मुळं इंग्रजांच्या काळात आहेत. १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुण्याजवळच्या इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची आणि साराआकारणीची जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या काळाच्या मानाने हे काम अतिशय चोख होतं. पण त्याचा हेतू एकच, सारा किती घ्यायचा ते ठरवणं. शेताचा आकार कळला, शेजारी कोण ते कळलं, दगड रोवला, संपलं. हे शेत पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे आहे, हा प्रश्न त्या साखळीला कुणी विचारलाच नव्हता.

तो प्रश्न विचारणारे लोक वेगळेच होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीच्या आधाराने सगळा देश मोजायला घेतला. हे लॅम्बटनसाहेब १८२३ साली वारले ते आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यामागून एव्हरेस्ट आले. त्यांनी भारतासाठी पृथ्वीच्या आकाराचं जे गणित १८३० मध्ये मांडलं, त्याच्यावर आपले नकाशे पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं बेतले गेले. म्हणजे एकाच देशात दोन मोजण्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. एक सारा गोळा करणाऱ्यांची, एक नकाशा काढणाऱ्यांची. दोघींची गाठ फारशी पडली नाही. आजच्या गोंधळाचं बी तिथलं आहे, असं मला वाटतं.

त्यात स्वातंत्र्यानंतर १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले. कागदावर एक गट, प्रत्यक्षात चार भावांचे चार बांध. गटाचा नकाशा बघाल तर त्यात आतले बांध दिसतीलच असं नाही. शिवाय आपण बोलतो एकर-गुंठ्यांत, सातबारा लिहितो हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा त्याहून किंचित मोठा, एकशे एक चौरस मीटर आणि थोडा. वर्गात मुलं दोन्ही सारखेच धरायची. मोठी माणसंही तेच करतात. एकरामागे अर्धा गुंठा इकडेतिकडे झाला, तर रस्त्याकडेच्या जमिनीत त्यावरून भाऊबंदकी होते!

आता दुसरा नकाशा, निर्यातीचा.

२००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर अंश तपासणीची योजना आली आणि २००६-०७ च्या हंगामापासून अपेडाने 'ग्रेपनेट' सुरू केलं. कल्पना अगदी साधी. ज्या बागेचं द्राक्ष युरोपात जाणार ती बाग आधी कृषी खात्याकडे नोंदवायची. बागेला क्रमांक मिळतो. प्रयोगशाळा त्याच बागेतून नमुना घेते. पॅकहाउसमध्ये पेटी भरली की तिचा धागा त्या क्रमांकाला जोडलेला. म्हणजे रॉटरडॅमच्या बंदरात एखाद्या पेटीत खोट निघाली, तर ती निफाड तालुक्यातल्या कुठल्या बागेतली हे मागे मागे जात शोधता येतं. शेतकरी, कृषी अधिकारी, प्रयोगशाळा, पॅकहाउस, निर्यातदार असे पाच जण पाच ठिकाणी बसून एकाच वहीत लिहितात, असं समजा. आपल्याकडे फळांच्या बाबतीत अशी सबंध साखळी जोडण्याचा हा पहिला प्रयोग. पुढे मोबाइलवरचं अ‍ॅप आलं आणि बागेचं स्थानही उपग्रहाच्या मदतीने नोंदवता येऊ लागलं.

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दुकानातल्या द्राक्षांच्या डब्याचा फोटो पाठवते. वर 'भारत' लिहिलेलं, खाली आकड्यांची बारीक ओळ. "मामी, हे आपल्याकडचंच का गं?" असं विचारते. मला डब्यावरून काय कळणार! पण कुणाला तरी ते कळतं, हे मला फार नवलाचं वाटतं. हजारो किलोमीटरवरचा डबा आणि आमच्याकडचा एक बांध यांच्यात एक दोरा आहे.

मग २०१० साल आलं. जुनी मंडळी विसरणार नाहीत. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे सीसीसी म्हणतात, त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. वेलीची वाढ आवरून घड धरायला वापरायचं ते औषध. कंटेनर अडकले, भाव कोसळले, कित्येक घरांचं कंबरडं मोडलं. आणि यातलं खरं दुखणं काय होतं? ग्रेपनेट चालू होतं. बागा नोंदवलेल्या होत्या, नमुने तपासलेले होते. पण आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतंच! तिकडे ते तपासत होते आणि इकडे आपण तपासत नव्हतो. आमची माहिती सगळी तिकडे जात होती, बागेच्या क्रमांकासकट. त्यांच्याकडे काय शोधणार आहेत ही माहिती मात्र इकडे वेळेत उतरली नाही.

म्हणून मी म्हणते, माहितीची देवाणघेवाण या शब्दात 'देवाण' आणि 'घेवाण' दोन्ही असतात. नुसती देवाण असली तर त्याला हजेरी लावणं म्हणतात. मास्तर हजेरी घेतो, पोरं "हजर" म्हणतात, पण मास्तर कुठे गेला होता हे पोरांना विचारता येत नाही. त्यातला प्रकार!

तिसरा नकाशा ई-पीक पाहणीचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करायची पद्धत आली. पूर्वी तलाठी चावडीत बसून पीकपेरा लिहायचे, त्यात काय काय लिहिलं जायचं ते आपण सगळे जाणतो. त्यापेक्षा ही पद्धत केव्हाही चांगली. शेतात उभं राहून फोटो काढायचा, जागेची नोंद त्याच्याबरोबर जाते. पण रेंज नसली की आमच्याकडची मंडळी जिथे रेंज मिळेल तिथे जातात. आणि रेंज कुठे मिळते? रस्त्यावर.

चौथा नकाशा विम्याचा, आणि इथेच आमचं घोडं अडलं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण आत बसलेली माणसं वाईट नव्हती. एका वर्षी अवकाळी पावसाने बाग गेली. घडांना तडे गेले, कुजले. भाऊजींनी कागद दिले. काही दिवसांनी उत्तर आलं, की तुमच्या नोंदीतल्या जागेवर द्राक्षबाग नसून कांदा आहे. कांदा! भाऊजी आयुष्यात कधी रडले नाहीत, त्या दिवशी त्यांचा आवाज बदलला होता. "वहिनी, बाग गेली ते देवाचं. पण माझी बाग कधी नव्हतीच म्हणतात, ते कुणाचं?"

पुतण्याने शोध घेतला. नोंद करायला आलेल्या मुलाने रस्त्याकडेच्या पंपाच्या खोलीपाशी उभं राहून ठिपका घेतला होता. तो ठिपका शेजाऱ्याच्या वावरात पडला. तिथे खरोखरच कांदा होता. म्हणजे यंत्र खोटं बोललं नाही. ठिपका जिथे होता तिथे कांदाच होता. आता गंमत बघा, किंवा दुर्दैव म्हणा, हीच बाग निर्यातीच्या नोंदणीत द्राक्षबाग म्हणून होती, कृषी खात्याच्या माणसाने स्वतः येऊन पाहिलेली. ई-पीक पाहणीत ती द्राक्ष म्हणून होती. सातबाऱ्यावरही द्राक्ष. तीन सरकारी वह्या साक्ष द्यायला तयार होत्या, पण चौथ्या वहीला त्या दिसत नव्हत्या. आणि तीन वह्यांची साक्ष काढायला भाऊजींना तीन कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागले. पैसे मिळाले, पण पुढच्या छाटणीनंतर. तोवर मजुरीसाठी उसने काढावे लागले ते वेगळंच.

ही गोष्ट आमच्या घरची म्हणून सांगितली. तुमच्याही घरात अशी असेलच, फक्त कांद्याच्या जागी मका असेल.

आता मास्तरीण जागी होते! नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणजे नक्की काय होतं, ते दोन उदाहरणांनी सांगते.

आपलं गाव साधारण उत्तर अक्षांश २० अंश १० मिनिटांवर आहे. एक अंश म्हणजे साठ मिनिटं. त्यामुळे हेच दशांशात लिहायचं तर २०.१६७ असं लिहावं लागेल. आता एखाद्या कचेरीने 'वीस अंश दहा मिनिटं' हे घाईत २०.१० असं लिहिलं. किती साधी चूक! पण २०.१० म्हणजे वीस अंश सहा मिनिटं. चार मिनिटांचा फरक पडला, म्हणजे जमिनीवर सुमारे साडेसात किलोमीटर. आमची बाग उचलून थेट सुकेण्याच्या बाजूला नेऊन ठेवली! कुणाला जागाही करावं लागलं नाही.

दुसरं. एव्हरेस्टसाहेबांच्या गणितावर बेतलेले जुने नकाशे आणि आज मोबाइल वापरतो ते जागतिक गणित, यांत आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक येतो. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर. पण एकावरचा ठिपका जसाच्या तसा दुसऱ्यावर ठेवला की बांध ओलांडून शेजारच्या शेतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात सर्व्हे ऑफ इंडियाने सर्वांसाठी खुले नकाशे जागतिक गणितावर काढायचं ठरवलं, ते याचसाठी. पण जुने कागद आपल्याकडे वाया जात नाहीत. ते कुठल्या तरी कपाटातून निघतच असतात.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यात ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग गावी २००३ मध्ये पूल बांधत होते. दोन्ही बाजूंनी काम चाललेलं. जर्मनी उंची मोजते उत्तर समुद्राच्या पातळीपासून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रापासून. दोघांत २७ सेंटिमीटरचा फरक. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि हिशेबात धरलंही होतं. पण मिळवायच्या जागी वजा केलं, आणि फरक जायच्या ऐवजी दुप्पट झाला, ५४ सेंटिमीटर! जर्मन इंजिनिअर, स्विस घड्याळवाले, आणि पूल मधोमध जुळेना. तेव्हा आमच्या तलाठीभाऊंना फार हसू नये.

यावरून मला एक दिसतं. नुसती माहिती वाटून भागत नाही. ती कशी मोजली, कुठल्या मापात, कुठल्या पायावर, कधी आणि कुणी, हेही तिच्याबरोबर गेलं पाहिजे. लग्नाच्या स्थळाची पत्रिका पाठवताना आपण नुसतं नाव पाठवतो का? गोत्र, गाव, मामाकडचं आडनाव सगळं पाठवतो. तसं आकड्यांचंही कुळ सांगितलं पाहिजे.

बरं, वाटून घेणं आपल्याला जमत नाही असंही नाही. पावसाळ्यात दारणा, गंगापूर, पालखेडचं पाणी नांदूरमध्यमेश्वराच्या बंधाऱ्यातून गोदावरीत खाली सुटतं. किती क्युसेक सुटलं याचा आकडा खाली जायकवाडीपर्यंत पोचतो, आणि नदीकाठची गावं त्यावर आपली गुरं हलवतात. पाण्याच्या वाटणीवरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात कोर्टकचेऱ्या चालल्या, भांडणं झाली, पण पूर आला की आकडा थांबत नाही. कारण तिथे एक माप ठरलेलं आहे, एक जागा ठरलेली आहे, आणि आकडा लपवला तर माणसं बुडतात हे सगळ्यांना माहीत आहे. शेताच्या नकाशात माणूस लगेच बुडत नाही, हळूहळू बुडतो. म्हणून घाई नसते, एवढंच.

सरकारही स्वस्थ बसलेलं नाही, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करायचा प्रयोग आपल्या पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला, आणि २०२० साली केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशांचे नियम सैल केले. त्याआधी नकाशा काढायला आणि वापरायला परवानग्यांच्या फेऱ्या असायच्या. आता भारतीय संस्थांना त्या लागत नाहीत. अगदी बारीक, म्हणजे एका मीटरपेक्षा नेमकी माहिती मात्र भारतीय संस्थांनीच बनवायची आणि देशातच ठेवायची, असं बंधन आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. भूमी अभिलेखवाले आता रोव्हर घेऊन येतात आणि काही सेंटिमीटरपर्यंत मोजतात. सातबाऱ्यावर भू-आधार क्रमांक आला. आणि २०२५ मध्ये आपल्याकडे शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, म्हणजे माणूस, त्याची जमीन आणि त्याचं पीक या तिन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवायचा विचार आहे.

विचार चांगला आहे. पण यावर आमच्या आळीत दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, कशाला सगळं सगळ्यांना दाखवायचं? शेजारीच ओझरला विमानांचा कारखाना. नकाशे बाहेर गेले तर काय होईल? शिवाय विमावाल्याला माझं सगळं शेत दिसलं, बँकेला दिसलं, व्यापाऱ्याला दिसलं, तर माझ्या हातात काय उरलं? पीक किती निघणार हे व्यापाऱ्याला आधीच कळलं तर तो भाव पाडणार नाही का?

हे म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. विमानांच्या कारखान्याचं ठीक आहे, ज्या जागा झाकायच्या त्या जरूर झाकाव्यात. पण द्राक्षबाग ही काही संरक्षणाची बाब नाही. ती आकाशातून कुणालाही दिसते. व्यापाऱ्याची भीती मात्र खरी आहे. ज्याच्याकडे माहिती तो भाव ठरवतो, हे बाजार समितीच्या लिलावात उभं राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

दुसरा तट, आमच्या पुतण्याचा आणि त्याच्या मित्रांचा. ते म्हणतात, सगळं उघडं करा, सगळं जोडा. युरोपने २०२३ मध्ये कॉफी, कोको, रबर, लाकूड वगैरे सात मालांसाठी कायदा केला, की हे जंगल तोडून पिकवलेलं नाही हे दाखवायला शेताचे अक्षांश-रेखांश द्या, दशांशानंतर सहा आकड्यांपर्यंत, आणि चार हेक्टरांपेक्षा मोठं शेत असेल तर त्याची सगळी हद्द द्या. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण दिशा कळली. आज त्यात द्राक्ष नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या कायद्यात येणार नाही कशावरून? आपण तयार असलेलं बरं. तेही खरंच! दशांशानंतरचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. सहावा म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. माझ्या बागेची वीतभर जागा ब्रुसेल्समधल्या माणसाला कळणार, आणि मला स्वतःला माझ्या नोंदीची प्रत मिळायला अर्ज करावा लागणार, याला काय म्हणावं?

माझं मत या दोन तटांच्या मधे कुठेतरी आहे. मधे म्हणजे कुंपणावर नव्हे हं! माझं म्हणणं असं, की नकाशे जोडले पाहिजेत, आणि लवकर जोडले पाहिजेत. भाऊजींच्या तीन साक्षीदार वह्या चौथीला दिसत असत्या, तर त्यांच्या बागेचा कांदा झाला नसता. पण जोडताना चार गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत.

पहिली, शेताची हद्द एकाच ठिकाणी मोजली जावी आणि बाकी सगळ्यांनी तीच घ्यावी. दर योजनेला नवा ठिपका नको. आणि ठिपका पंपाच्या खोलीपाशी घेतलेला तर मुळीच नको, निदान शेताच्या मधोमध उभं राहून घ्या.

दुसरी, ज्याचं शेत त्याच्या हातात नोंदीची प्रत असावी. मराठीत, त्याला वाचता येईल अशी. आमच्या काळी प्रगतिपुस्तक आधी पालकांकडे जायचं, सही होऊन परत यायचं. तसं शेताचंही आधी शेतकऱ्याला दाखवा, मग जगाला.

तिसरी, चूक निघाली तर ती एका दारात दुरुस्त व्हावी आणि दुरुस्ती सगळीकडे आपोआप पोचावी. आज चूक चारही दिशांना क्षणात पसरते आणि दुरुस्ती मात्र प्रत्येक दारात पायी जाते. जोडलेल्या वह्यांचा हाच मोठा धोका आहे. आज चार वह्यांत चार वेगळ्या नोंदी आहेत म्हणून निदान तिघी खऱ्या निघाल्या. उद्या एकच वही झाली आणि तिच्यातच कांदा लिहिला गेला, तर साक्ष कुणाची काढायची? त्यामुळे दुरुस्तीचं दार आधी, जोडणी नंतर.

चौथी, कोण बघतो ते कळलं पाहिजे. विमावाल्याने बघितलं, बँकेने बघितलं, बाहेर देशी गेलं, तर माझ्या फोनवर निरोप यावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, शेतकऱ्याच्या जमिनीची आणि पिकाची माहिती ही त्याची खाजगी माहितीच आहे असं धरून चालावं. आणि जे देश आपल्या बांधापर्यंतची माहिती मागतात, त्यांनी आपल्या तपासणीच्या याद्या, आपल्या मर्यादा, त्यातले बदल छाटणीच्या आधी आपल्या भाषेत आपल्याला द्यावेत. हंगाम संपल्यावर नाही. ऑक्टोबर छाटणीला शेतकरी फवारणीचं सगळं ठरवतो. जानेवारीत कळवून काय उपयोग?

यात कुठलीही गोष्ट अवघड नाही. उपग्रह आकाशात पोचले, रोव्हर बांधावर पोचला. एवढं जमवणाऱ्यांना एक प्रत छापून शेतकऱ्याच्या हातात देणं जमू नये, हे मला पटत नाही.

भाऊजींना मी हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, लिहिलंय चांगलं. पण चार अटी कुणी ऐकल्या नाहीत तरी दुसरी तेवढी ऐकली तरी बास. कागद हातात असला ना, की बाकीचं मी भांडून घेतो." मला त्यांचं म्हणणं पटलं. म्हणून लेखाच्या शेवटी माझ्या चार अटींच्या वर त्यांची ही एक ठेवते.

तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे, मग तुम्ही पुण्यात असा नाहीतर परदेशात, त्यांनी एवढं करा. पुढच्या वेळी गावी आलात की सातबाऱ्याबरोबर गटाचा नकाशा आणि पीक पाहणीची नोंद काढून बघा, आणि शेतात उभं राहून मोबाइलवरचा ठिपका तिच्याशी जुळतो का तेही बघा. जुळला नाही तर आत्ताच अर्ज करा, पाऊस पडून गेल्यावर नको. आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा. कुणाकुणाच्या वावरात कांदा उगवलाय, त्याची मी एक यादीच करणार आहे!